देव भिंतीवर की काट्यावर?

पेडण्याच्या बाजारात बहुतेक दुकानांत देव असतोच. कुठे गणपती, कुठे लईराई, कुठे सेंट अँथनी. उदबत्ती किंवा मेणबत्ती लावल्याशिवाय बोहनी नाही. प्रश्न एवढाच, की तो देव भिंतीवरच राहतो की काट्यावरही बसतो?

हे मी शहाणपणा म्हणून विचारत नाहीये. गेल्या मे महिन्यात मी एका नातेवाइकाच्या दुकानात पंधरा दिवस उभी होते. 'हरमलची मिरची' म्हणून आम्ही पर्यटकांना विकली ती सगळी हरमलची नव्हती. बाहेरची मिसळलेली होती. मला ठाऊक होतं. तरी कुणी विचारलं की मी हसून "अस्सल!" म्हणायचे.

हरमलच्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे. गोव्याच्या काजूलाही २०२३ मध्ये मिळालं. म्हणजे आता गावाचं नावसुद्धा विकलं जातं. ते भलत्या पोत्यावर लावलं की गिऱ्हाईक फसतंच, शिवाय खरी मिरची पिकवणारीचं पोट मारलं जातं.

कुमसाराला गेले तेव्हा फादरांनी एकच विचारलं, "बाय, पैसे परत केलेस?" मी गप्प.

लूकच्या शुभवर्तमानातला जकातदार जक्कय म्हणतो, अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याला फसवलं त्याला चौपट परत. आपले तुकोबाही वाण्याच्या घरातले. त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, भावाचा वाटा त्याला ठेवला, असं सांगतात. दोघांचीही भक्ती खिशापर्यंत पोचली.

पण धर्म असला की धंदा आपोआप सरळ होतो, असं मुळीच नाही. डिचोलीत देवळं, जत्रा, चर्च, फेस्तं काय कमी होती? तरी बेकायदा खाणकामावरच्या शहा आयोगाच्या अहवालानंतर सप्टेंबर २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी थांबवाव्या लागल्या. देवाला दान दिलं म्हणून हिशोब चुकता होत नाही.

"त्यासाठी कायदा आहे ना?" असं मित्र म्हणतात. आहे, आणि हवाच. पण तपासनीस रोज येत नाही. तो नसताना काटा कोण धरतो, तिथे माझ्या मते श्रद्धेचं काम सुरू होतं.

ते पर्यटक मला आता सापडणार नाहीत. मी नातेवाइकाशी भांडले, तेवढं करू शकले. आता दुकानात दोन वेगळी पोती आहेत, दोन वेगळे भाव. विक्री घटली आणि ते माझ्याशी धड बोलत नाहीत. खरेपणाला किंमत पडते, हे मला वर्गात नाही, तिथे कळलं.