फुकटच्या श्रमाला 'स्वयंसेवा' म्हणू नका!

अमेरिकेतल्या कॉलेज बेसबॉलशी आपल्याला काय देणेघेणे, असे काही वाचकांना वाटेल. पण तेथे सहायक प्रशिक्षक कसा घडतो हे पाहिले की आपलीच जुनी दुखणी आठवतात.

खेळणे संपलेला तरुण प्रशिक्षक व्हायचे ठरवतो. पुढे शिकत शिकत संघाचे काम करतो. मग पगारी सहायक, नवे खेळाडू निवडणारा आणि नशिबाने साथ दिली तर मुख्य प्रशिक्षक. या शिडीची मधली एक पायरी अनेक वर्षे बिनपगारी होती. एनसीएए ही कॉलेज खेळांची नियामक संस्था. तिच्या वरच्या गटाच्या नियमाप्रमाणे बेसबॉल संघाला एक मुख्य प्रशिक्षक, दोन पगारी सहायक आणि एक 'स्वयंसेवक' प्रशिक्षक ठेवता येत असे. हा स्वयंसेवक दिवसभर मैदानावर राबायचा, संघाबरोबर दौरे करायचा. कॉलेजला इच्छा असली तरी त्याला पगार देता येत नसे! उन्हाळी शिबिरे आणि खासगी शिकवण्या यांवर त्याची गुजराण चाले.

2019 मध्ये तिसऱ्या सहायकाला पगार देण्याचा प्रस्ताव आला, तो फेटाळला गेला. नोव्हेंबर 2022 मध्ये दोन माजी स्वयंसेवक प्रशिक्षक कोर्टात गेले आणि जानेवारी 2023 मध्ये संस्थेने हे पदच रद्द करण्याचे ठरवले. 1 जुलै 2023 पासून तिसऱ्या सहायकाला पगार देण्याची मुभा मिळाली. पुढे 4 कोटी 92 लाख 50 हजार डॉलरची तडजोडही झाली. विनंत्यांनी जे झाले नाही ते दाव्याने झाले.

वकील म्हणून आम्हाला याचे नवल वाटत नाही. याच संस्थेने 1991 मध्ये बास्केटबॉलच्या काही सहायकांचे वेतन वर्षाला 16,000 डॉलरवर बांधून टाकले होते. 1890 च्या शेरमन कायद्याखाली ते बेकायदा असल्याचे अपील कोर्टाने 1998 मध्ये सांगितले आणि 1999 मध्ये संस्थेला 5 कोटी 45 लाख डॉलरची तडजोड करावी लागली. तरीही बेसबॉलची बिनपगारी पायरी आणखी चोवीस वर्षे टिकली.

प्रश्न असा आहे की बिनपगारी पायरीवर उभे कोण राहू शकतो? ज्याचा बाप घरून पैसे पाठवतो तो. बाकीचे खाली उतरतात आणि मग 'लायक उमेदवारच मिळत नाहीत' असे म्हटले जाते! जॅकी रॉबिन्सनने 1947 मध्ये मोठ्या लीगचे मैदान उघडले. पण कृष्णवर्णीयांची स्वतःची विद्यापीठे सोडली तर कॉलेज बेसबॉलच्या मुख्य प्रशिक्षकांत कृष्णवर्णीय आजही शोधावे लागतात. याचे एकमेव कारण बिनपगारी पायरी आहे असे आम्ही म्हणत नाही, पण ती गरिबाला गाळणारी चाळणी होती हे नक्की.

महार वतनाशी आम्ही याची बरोबरी करणार नाही. वतनातून बाहेर पडण्याची वाटच नव्हती. पण फुकट राबवून घेण्याला मानाचे नाव देण्याची युक्ती दोन्हीकडे तीच. म्हणून बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई कौन्सिलात वतन सुधारणेचे विधेयक मांडले. घटनेच्या कलम 23 ने वेठबिगारीवर बंदी घातली. किमान वेतनाहून कमी देणे हीसुद्धा सक्तीची मजुरीच, असे सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये दिल्लीच्या एशियाड कामगारांच्या खटल्यात सांगितले.

आणि आमचा काळा कोट? सनद मिळाल्यावर आम्हीही एका वरिष्ठांच्या ऑफिसात 'शिकायला मिळते' म्हणून फुकट राबलो. आमच्याबरोबरची वस्तीतली दोन हुशार मुले वर्षभरात वकिली सोडून गेली. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर 2024 मध्ये कनिष्ठांना शहरात 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये द्यावेत असे सुचवले. पण ती शिफारस आहे, सक्ती नाही.

आमच्या चळवळीतल्या वरिष्ठ वकिलांना, डॉक्टरांना, संस्थाचालकांना आमचे सांगणे आहे: आधी आपल्या हाताखालच्या पोराला पगार द्या, मग समतेवर भाषण करा.