शक्तीच्या गोळ्या व बांधावरील आंवळा

हल्लीं आठवड्याच्या बाजाराच्या गांवींही औषधांच्या दुकानांत ‘अँटिऑक्सिडंट’ या नांवाच्या गोळ्या मिळूं लागल्या आहेत. त्यांनीं थकवा जातो, वार्धक्य लांबतें, कर्करोगास आळा बसतो, अशी त्यांची ख्याती सांगण्यांत येते. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं त्या पोहोंचल्या असतील. म्हणून याविषयीं आमचें मत स्पष्टपणें मांडणें आम्हांस अवश्य वाटतें.

या गोळ्यांमागील कल्पना मुळांत खोटी नव्हे. शरीरांत अन्नाचें ज्वलन होतांना कांहीं अतिशय क्रियाशील द्रव्यें उत्पन्न होतात व तीं पेशींस इजा करूं शकतात. साठविलेलें तेल हवेनें खवट होतें, त्याच जातीची ही क्रिया होय. तीस अटकाव करणाऱ्या द्रव्यांत क व ई हीं जीवनसत्त्वें आणि गाजरास रंग देणारें बीटा-कॅरोटीन हीं प्रमुख होत. फळें व भाजीपाला भरपूर खाणाऱ्यांत हृद्रोग व कांहीं कर्करोग कमी आढळतात, हेंही खरें. यावरून असा तर्क निघाला कीं, तेंच द्रव्य गोळींत घातलें म्हणजे फळाचें काम गोळी करील.

प्रयोगांतीं हा तर्क टिकला नाहीं. फिनलंडमध्यें धूम्रपान करणाऱ्या २९ हजारांहून अधिक पुरुषांवर झालेल्या प्रयोगाचा निकाल १९९४ सालीं प्रसिद्ध झाला. रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग घटण्याऐवजीं शेंकडा १८ नें वाढलेला आढळला! अमेरिकेंत अशाच एका प्रयोगांत तोच प्रकार दिसूं लागल्यामुळें १९९६ च्या जानेवारींत तो मुदतीपूर्वीं थांबवावा लागला. पुढें २०११ सालीं ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेनें पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग वाढतो, असेंही निदर्शनास आलें. वार्धक्यांतील एका नेत्ररोगांत डॉक्टर अशीं द्रव्यें जस्तासह देतात व त्यांचा उपयोग होतो. पण तो उपचार झाला, निरोगी माणसाचा खुराक नव्हे.

आमची खरी चिंता बिडी ओढणाऱ्यांविषयीं आहे. “बिडी सुटत नाहीं, पण गोळी चालू आहे,” अशी समजूत कोणी करून घेतली असेल, तर ती सर्वांत घातक होय. कारण वरील दोन्ही प्रयोगांत धोका वाढला तो मुख्यतः अशाच लोकांत. शिवाय २०१६ च्या नियमांप्रमाणें अशा पूरक पदार्थांच्या वेष्टनावर ‘औषधी उपयोगासाठीं नाहीं’ असें छापावें लागतें. विकणारा ही ओळ वाचून दाखवीत नाहीं, एवढेंच.

आणि गंमत अशी कीं, ज्या जिनसांच्या नांवावर हा व्यापार चालतो, त्या आपण पिकवितों व पडेल भावानें विकतों. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेनें २०२० मध्यें प्रौढ पुरुषास रोज ८० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व पुरेसें ठरविलें. तेवढें एका मध्यम पेरूंत मिळतें. आंवळ्यांत तें संत्र्याच्या कित्येक पट असतें. मोरावळा करतांना उष्णतेनें त्याचा कांहीं भाग जातो, म्हणून कच्चा आंवळा मिठाबरोबर खावा हें बरें. शेवग्याचा पाला, तांदुळजा यांतील कॅरोटीन फोडणीच्या तेलाबरोबर अधिक अंगीं लागतें. तेव्हां आपल्या घरची पालेभाजीची रीत शास्त्रासही मान्य आहे.

ज्यांच्या बांधावर जागा आहे, त्यांनीं पावसाळ्याच्या आरंभीं आंवळ्याचीं कलमें लावावीं. एकच झाड लावलें व फळ धरत नाहीं, अशी तक्रार नेहमीं ऐकूं येते. आंवळ्यास बहुधा दुसऱ्या जातीचे पराग लागतात. यास्तव कृष्णा, कांचन, एनए-७ यांपैकीं निदान दोन जाती जवळजवळ लावाव्या.