तापलेल्या दरीची वाट दुपारी बंद का करावी लागते?

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात फिनिक्स शहराच्या अगदी मध्यावर कॅमलबॅक नावाचा डोंगर आहे. बसलेल्या उंटासारखा दिसतो म्हणून हे नाव. त्यावर जाणारी ‘एको कॅन्यन’ ही वाट जेमतेम दोन किलोमीटरची, पण तेवढ्यात जवळजवळ 390 मीटरची चढाई. काही टप्प्यांत तर खडकाला लावलेले लोखंडी गज धरूनच वर सरकावे लागते. वाहनतळ पायथ्याशी, मोबाइलला रेंज, खाली घरे दिसत असतात. एवढ्या जवळच्या टेकडीवर काय होणार, असे वाटते आणि तिथेच घोटाळा होतो. शहराच्या डोंगरवाटांवरून दरवर्षी सुमारे 200 जणांची सुटका करावी लागते.

2021च्या उन्हाळ्यात या सुटकेच्या कामात अग्निशमन दलाच्या काही जवानांनाच उष्णतेचा त्रास झाला. जवानांच्या संघटनेने आवाज उठवल्यावर नगरप्रशासनाने ठरवले की हवामान खात्याने तीव्र उष्णतेचा इशारा दिला की या वाटा सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच बंद. पुढे बंदीची सुरुवात सकाळी नऊवर आणली गेली. यावर ‘आमचा जीव, आमची जबाबदारी’ असा आक्षेप आलाच. गंमत अशी, की पारा 100 अंश फॅरनहाइटवर, म्हणजे सुमारे 38 सेल्सिअसवर गेला की कुत्र्याला डोंगरवाटेवर नेण्यास तिथे 2016 पासूनच मनाई आहे. माणसासाठीच्या नियमाला आणखी पाच वर्षे लागली.

प्रशासनाची बाजू मला पटते, कारण उष्माघातात सर्वात आधी घसरतो तो विवेक. विश्रांतीत आपले शरीर साधारण 100 वॅटच्या दिव्याएवढी उष्णता निर्माण करते. खडी चढण चढताना ती चार-पाच पट होते. एरवी त्वचेपेक्षा हवा थंड असते, म्हणून बरीच उष्णता आपोआप बाहेर जाते. हवा 43 अंशांवर आणि त्वचा 35 च्या आसपास असली की उलटे होते, हवाच शरीराला तापवू लागते. दरीत तर दोन्ही बाजूंचे खडकही भट्टीच्या भिंतींसारखे धग फेकत असतात. उरतो फक्त घाम. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. वाळवंटी हवेत तो इतका झटकन वाळतो, की अंग कोरडेच राहते आणि ‘मला घामच येत नाही’ असा समज होतो. प्रत्यक्षात तासाला लिटरभर पाणी गेलेले असते. रक्त पातळीला कमी पडू लागते, ते त्वचेकडे पाठवायचे की स्नायूंकडे, यात हृदयाची ओढाताण होते. शरीराचे तापमान 40 अंश ओलांडले की माणूस बरळतो, चिडतो, परतायला नकार देतो. अशा माणसाने आपला निर्णय आपणच घ्यावा, ही अपेक्षाच फोल आहे.

दुसरा मुद्दा सवयीचा. उन्हाशी जुळवून घ्यायला शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात. थंड प्रदेशातून दोन दिवसांसाठी आलेला पर्यटक, मग तो रोज दहा किलोमीटर धावणारा का असेना, त्या अर्थाने नवखाच. नुसते पाणी ढोसणेही धोक्याचे. मीठ न घेता पाणीच पीत राहिल्यास रक्तातले सोडियम घसरते आणि त्याचीही लक्षणे भोवळ, मळमळ अशीच.

मात्र बंदीचे श्रेय फुगवू नये. फिनिक्स ज्या मॅरिकोपा काउंटीत येते, तिथे 2023 मध्ये उष्णतेशी संबंधित 645 मृत्यू नोंदले गेले. त्यात गिर्यारोहक थोडे, बेघर लोक निम्म्याच्या जवळपास. त्या जुलैत रात्रीही पारा कित्येक दिवस 32 अंशांखाली आला नव्हता, म्हणजे ‘पहाटे निघा’ हा सल्लाही लंगडा पडतो.

आपल्याकडची गोष्ट वेगळी आहे आणि काही बाबतींत वाईट. कोकणात उतरणाऱ्या घाटवाटांवर पारा फिनिक्सइतका चढत नाही, पण दमट हवेत घाम वाळतच नाही, नुसता ओघळतो. ओघळलेला घाम शरीराला थंड करत नाही. 16 एप्रिल 2023 रोजी खारघरच्या सोहळ्यात उष्माघाताने बळी गेले तेव्हा पारा चाळिशीच्या आतच होता. पावसाळ्यात धबधब्यांवर आणि किल्ल्यांवर बंदीचे आदेश निघतात. एप्रिल-मेच्या दुपारींसाठी असा आदेश सहसा दिसत नाही. घाटवाटेवर हेलिकॉप्टरही येत नाही. गावकरी आणि स्वयंसेवी बचाव पथकेच झोळी करून माणसाला उतरवतात, त्यात तास जातात आणि उष्माघातात पहिला अर्धा तासच निर्णायक असतो.

म्हणून सोबतचा कोणी असंबद्ध बोलू लागला, तर आधी त्याला सावलीत न्या, कपडे सैल करा, असेल नसेल तेवढे पाणी अंगावर ओता आणि वारा घाला. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका. रुग्णवाहिकेला फोन हे करता करताच लावा.