घरचें लोणी आणि मुलांचे हात

लोणी काढणें हें केवळ स्त्रियांचें काम, अशी समजूत अद्यापि पुष्कळ घरीं दिसून येते. आमच्या मतें ती सोडून द्यावी. रवी फिरविण्यास बळ लागतें. तें मुलग्यांच्या हातीं कमी आहे काय?

रीत सोपी आहे. ताकावर आलेला गोळा, पाणी निवळ दिसेपर्यंत थंड पाण्यानें धुवावा. ताकाचा अंश राहिल्यास लोणी लवकर आंबतें. मग 100 ग्रॅम लोण्यांत पाव चमचा मीठ, थोडी जाडसर मिरपूड आणि धुऊन कोरडी केलेली बारीक कोथिंबीर मिसळावी. मसाल्याचा सुगंध स्निग्ध पदार्थांत उतरतो, म्हणून तासाभरानें रुचि अधिक खुलते. कच्ची लसूण घातल्यास मात्र तें लोणी शीतकपाटांत ठेवून दोन-तीन दिवसांत संपवावें. लसणीबरोबर येणारे मातींतील जंतु हवेवांचून वाढून क्वचित् विष निर्माण करितात, व तें वासावरून ओळखतां येत नाहीं.

विद्यार्थीमित्रहो, सेवाधर्माचे पाठ आपण शाळेंत गिरवितों. त्यांचा आरंभ घरच्या ताकाच्या डेऱ्यापाशीं व्हावा. आयतें लोणी खाणाऱ्यास केवळ त्याची चव कळते. घुसळणाऱ्यास आईचे श्रमहि कळतात.