पोचा चालेल, लपवलेला पोचा चालणार नाही

पोस्ट लांबलचक आहे. सवडीने वाचा.

कोकणात सी-प्लेन कधी येणार, हा प्रश्न दर काही महिन्यांनी कुणीतरी मला विचारतंच. विमानांच्या पत्र्याचं काम करण्यात माझी उभी हयात गेली, म्हणून लोकांना वाटतं याला आतलं काहीतरी माहीत असणार. आतलं काही माहीत नाही. माझा मात्र उलटा प्रश्न असतो: समजा आलं, आणि पहिल्याच आठवड्यात जेट्टीला घासून फ्लोटला पोचा पडला, तर तो बघणार कोण?

हसू नका. पाण्यावरच्या विमानाला पोचा पडणं हा अपघात नाही, रोजचा व्यवहार आहे. चाकांऐवजी खाली होडीसारखे दोन पोकळ फ्लोट असतात, बहुतेक अ‍ॅल्युमिनियमचे. पत्रा बऱ्याच ठिकाणी एक मिलिमीटर किंवा त्याहूनही पातळ. पाण्यावर ब्रेक नसतो. इंजिन सुरू झालं की विमान पुढे सरकायला लागतं, आणि धक्क्याला लावताना वारा आणि प्रवाह जे करतील ते सांभाळून घ्यावं लागतं. धक्क्याची कड, किनाऱ्यावरचा दगड, पाण्यात अर्धवट बुडालेला ओंडका. कुठे ना कुठे लागतंच.

अमेरिकेत आणि कॅनडात हजारो लोक घरच्या गॅरेजमध्ये स्वतःच्या हाताने विमान बांधतात. अलास्का, मिनेसोटा, ब्रिटिश कोलंबिया अशा तळ्याखाड्यांच्या भागात त्यातली काही फ्लोटवर बसवतात. तिथला कायदा साधा आहे. विमानाचा निम्म्याहून जास्त भाग हौशी माणसाने शिकण्यासाठी किंवा छंद म्हणून स्वतः बांधलेला हवा. मग ते ‘एक्सपेरिमेंटल’ म्हणून नोंदवता येतं. प्रवाशाला दिसेल अशी पाटी आत लावावी लागते, की हे विमान हौशी माणसाने बांधलंय आणि नेहमीच्या विमानांचे सुरक्षा नियम याला लागू नाहीत. बांधणाऱ्याला त्याच विमानाची वार्षिक तपासणी करण्याचा परवानाही मिळू शकतो. ज्याने रिव्हेट मारले, त्याला ते कुठे ढिले होतील हे कळतं, असा त्यामागचा विचार.

नवशिक्या बांधणाऱ्याला पहिला पोचा पडला की रडू येतं. तीन-चार वर्षं शनिवार-रविवार घालवलेले असतात ना! तो लगेच हातोडी घेतो. जुनी माणसं त्याला सांगतात, थांब. बाहेरून आत गेलेला पत्रा आधीच ताणलेला असतो. ठोकून सरळ करायला गेलास तर तो आणखी कडक होतो आणि तडकू शकतो. वरून पुट्टी भरलीस तर वजन वाढतं, आणि खाली चीर पडली तर दिसतही नाही. उथळ, गुळगुळीत, कड न मोडलेला पोचा असेल तर बऱ्याचदा तो तसाच ठेवणं हेच शहाणपण.

पण ‘तसाच ठेवणं’ म्हणजे ‘सोडून देणं’ नव्हे. माझ्या पोस्टचा सगळा मुद्दा इथेच आहे.

पोचा रिव्हेटच्या रांगेवर किंवा आतल्या पडद्यावर आला असेल, त्याला धारदार घडी पडली असेल, बोट फिरवल्यावर चीर लागत असेल, तर विमान उडत नाही. विषय संपला. पंखाचा मुख्य दांडा किंवा प्रोपेलर असेल तर ‘चालतंय की’ हा शब्दच काढायचा नाही. फ्लोटच्या तळाचा पोचा असेल तर आतून बघायचं, कारण बाहेरून पोचा दिसतो, आतला उडालेला रंग दिसत नाही. तिथे खारं पाणी साचलं की गंज धरतो. म्हणून उड्डाणाआधी प्रत्येक कप्प्यातलं पाणी पंपाने काढतात आणि किती निघालं ते लक्षात ठेवतात. काल नेहमीएवढं आलं आणि आज दुप्पट आलं, तर कुठेतरी उघडलंय. समुद्रातून आलं की गोड्या पाण्याने धुणं वेगळंच.

नियमांतही हा विचार आहे. अमेरिकेतल्या प्रमाणित फ्लोटप्लेनचे फ्लोट विमानाच्या पूर्ण वजनाच्या १८० टक्के भार तरंगवू शकतील असे लागतात, आणि फ्लोटमध्ये पाणी भरण्याची शक्यता धरूनही विमान तरंगत राहील अशी सोय लागते. लागणार, गळणार, हे गृहीत धरूनच ते बांधलेलं असतं.

कुणी म्हणेल, हौशी लोकांचं ठीक आहे, तिकीट काढून बसणाऱ्या प्रवाशांच्या विमानाला हे चालेल का? तर ऐका. तुम्ही मुंबईहून दिल्लीला जाता त्या मोठ्या विमानांनाही पोचे असतात. फक्त प्रत्येकाची जागा, लांबी, खोली मोजून नोंदलेली असते. त्याला ‘डेंट अँड बकल चार्ट’ म्हणतात. मर्यादेत असेल तर विमान उडतं, नसेल तर उभं राहतं. नवा पोचा दिसला की आधी चार्ट बघायचा: जुना की आजचा?

याच्या उलट प्रकारही मी बघितलाय. एका हँगरमध्ये, नाव घेत नाही, शिडी लागून फ्लॅपला पोचा पडला. वरच्या साहेबांनी रातोरात पुट्टी-रंग मारून घेतला, नोंद नाही. पुढच्या मोठ्या तपासणीत रंग खरवडला तेव्हा खाली चीर निघाली. शिडी लावणारा पोरगा पहिल्या दिवशीच खरं सांगायला तयार होता. त्याला गप्प बसवलं होतं. आपल्याकडे पोच्यापेक्षा पोचा सांगणाऱ्याची जास्त अडचण होते.

आता सी-प्लेनकडे येतो. डिसेंबर २०१७ मध्ये गिरगाव चौपाटीवर चाचणी झाली, फोटो आले. ३१ ऑक्टोबर २०२० ला साबरमती ते केवडिया सेवा सुरू झाली. विमान मालदीवहून आणलेलं. महिनाभरात ते देखभालीसाठी परत मालदीवला गेलं, सेवा थांबली. पुन्हा सुरू झाली, आणि एप्रिल २०२१ पासून बंदच पडली. कारणं अनेक असतील. पण देखभालीसाठी विमान समुद्रापार न्यावं लागतं, तिथे सेवा टिकणार कशी? उद्घाटनाला फीत मिळते, पत्र्याला माणूस मिळत नाही.

हा माणूस कोर्स करून एका वर्षात तयार होत नाही. तो गॅरेजमध्ये, गच्चीवर घडतो. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत गच्चीवर विमान बांधलं. ते २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात सगळ्यांनी बघितलं. नोंदणीला २०१७ उजाडलं आणि उड्डाणाच्या परवानगीला २०१९. एवढी जिद्द प्रत्येकात नसते, आणि ती असावी लागू नये.

घरी बांधलेल्या विमानांचे अपघात कारखान्यातल्या विमानांपेक्षा जास्त होतात, हे तिकडचंही वास्तव आहे. म्हणून मोकाट सोडा असं मी म्हणत नाही. वस्तीपासून दूर चाचणीची हद्द ठरवा, सुरुवातीचे तास एकट्याने उडवायला लावा, प्रवाशाला स्पष्ट सांगा. पण मार्ग ठरलेला असू द्या, आणि अर्जाला उत्तराची मुदत असू द्या.

आणि आपल्याकडे हात नाहीत असं कुणी म्हणू नये. दापोडी, चिकलठाणा, हिंगण्याच्या एसटी कार्यशाळांत पत्र्यावर आयुष्य काढलेली माणसं आहेत. पावसाळ्यात होडी वर ओढून तिची फट न् फट तपासणारे कोळी बांधव आहेत. कुठली फट आज बुजवायची आणि कुठली पुढच्या हंगामापर्यंत थांबेल, हे त्यांना कुणी शिकवायला नको. आयटीआयमध्ये फ्लोटच्या पत्र्याचा एक छोटा वर्ग काढा, यातली दहा पोरं घ्या, मग फीत कापा.

तुमच्या ओळखीत असं काम करणारं कुणी असेल, किंवा गच्चीवर काही बांधत बसलेलं, तर खाली लिहा. आणि पुढच्या वेळी कुठल्या मंत्र्याला सी-प्लेनबद्दल विचारायची संधी मिळाली, तर तारीख विचारू नका. पोचा कोण बघणार, ते विचारा.