आधीच्या गोळ्या सांगितल्या का?

पोट बिघडले की मेट्रोनिडाझोल, हे समीकरण आपल्याकडे घरोघरी पाठ आहे. पण हृदयाची कृत्रिम झडप बसवलेला रुग्ण रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेत असेल, तर हीच गोळी घातक ठरू शकते. वॉरफरिनचा निचरा यकृतातले एक विकर करते. मेट्रोनिडाझोल त्यालाच रोखते. वॉरफरिनची मात्रा तीच राहते, परिणाम मात्र वाढत जातो. मग हिरड्यांतून, लघवीतून, क्वचित मेंदूतही रक्तस्राव होऊ शकतो. क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक आणि सिमव्हास्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची गोळी एकत्र आली तर स्नायूंचा ऱ्हास होऊन मूत्रपिंडावर बेतू शकते. सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाचे उलटेच: कॅल्शियम वा लोहाच्या गोळीसोबत घेतले तर ते पुरेसे शोषलेच जात नाही.

औषध दुकानातल्या नोंदीतूनही हा धोका कळत नाही. औषध नियमांच्या एच-१ परिशिष्टातली प्रतिजैविके विकताना डॉक्टरांची चिठ्ठी आणि वहीतली नोंद २०१४पासून सक्तीची आहे. नोंद होते ती विकलेल्या औषधाची. रुग्ण आधीपासून काय घेतो, हे त्या वहीत नसते. (बीपीची गोळी तर अनेकांच्या लेखी औषधच नव्हे!) तेव्हा वाचकहो, दवाखान्यात जाताना चालू गोळ्यांच्या पट्ट्या सोबत न्या आणि डॉक्टरांनी विचारले नाही तरी त्यांच्यासमोर ठेवा.