डिकीला आतून मूठ हवी, आणि ती कायद्यानेच हवी



जून २०२३ मध्ये नागपुरात तीन लहान मुलं घराजवळ उभ्या असलेल्या गाडीत मृतावस्थेत सापडली. एप्रिल २०२४ मध्ये मुंबईत अँटॉप हिलला दोन सख्खी भावंडं तशीच गेली. मे २०२५ मध्ये आंध्रातल्या विजयनगरम जिल्ह्यात चार मुलं. हळहळ तुम्हीही केलीत, आम्हीही केली. तीच पुन्हा करण्यासाठी हे पत्रक काढलेलं नाही.

ही मुलं गाडीच्या बसायच्या भागात होती. तिथे काचा असतात, दाराला आतून कडी असते, हॉर्न असतो, येणाऱ्याजाणाऱ्याला आतलं दिसू शकतं. एवढं सगळं असून ती वाचली नाहीत. आता त्याच वयाचं मूल लपाछपी खेळताना सेडानच्या डिकीत शिरलं तर त्याच्या हाताशी काय असतं? काहीच नाही. झाकण आपटलं की खटका आपोआप बसतो आणि तो आतून काढायचं साधन आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत नसतं, कारण ते द्यायची कोणावर सक्ती नाही. बंद गाडीचं तापमान उन्हात तासाभरात वीसेक अंशांनी चढतं आणि त्यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते. मुलाचं शरीर मोठ्या माणसाच्या तिप्पट ते पाचपट वेगाने तापतं. विदर्भातल्या मे महिन्याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

या विषयावर बोलायला गेलं की ठरलेलं एकच उत्तर मिळतं: डिकी सामानासाठी असते, माणसाचा तिथे काय संबंध? आमचं भांडण या वाक्याशी आहे. यात एक निर्लज्ज गृहीतक दडलेलं आहे: वस्तू ज्या कामासाठी बनवली त्याच कामासाठी मूल ती वापरेल, आणि वापरली नाही तर चूक मुलाची. फ्रिजही भाजीसाठीच असतो. तरीही टाकून दिलेल्या फ्रिजमध्ये मुलं गुदमरून मरू लागली तेव्हा अमेरिकेने १९५६ मध्ये कायदा केला की फ्रिजचं दार आतून उघडता आलंच पाहिजे. मुलांनी फ्रिजपासून लांब राहावं, एवढं सांगून तिथलं सरकार थांबलं नाही.

डिकीच्या बाबतीतही तेच झालं. जॅनेट फेनेल या बाईंना आणि त्यांच्या पतीला १९९५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत लुटारूंनी त्यांच्याच गाडीच्या डिकीत कोंडलं. अंधारात चाचपडताना खटक्याची तार हाती लागली म्हणून दोघं वाचली. त्यानंतर बाई या एकाच मागणीच्या मागे लागल्या. १९९८ च्या जुलै-ऑगस्टमध्ये महिनाभराच्या आत तीन घटनांत ११ मुलं डिकीत अडकून मेली; त्यातल्या युटामधल्या एकाच गाडीत पाच मुली होत्या. मग नियम झाला. १ सप्टेंबर २००१ पासून तिथे बनणाऱ्या आणि विकल्या जाणाऱ्या, डिकी असलेल्या प्रत्येक नव्या मोटारीत आतून खटका सोडवण्याची सोय लागते. बहुतेक गाड्यांत ती अंधारात चमकणारी प्लॅस्टिकची मूठ असते. ओढली की झाकण उघडतं. पंचवीस वर्षं होत आली. तिथे मूठ बसवून गाड्या विकणाऱ्यांपैकी काही कंपन्या इथेही गाड्या विकतात. कौशल्य आहे, साचा आहे, सुटा भाग आहे. नाही ती फक्त सक्ती.

आता आक्षेप. ‘ड्रायव्हरच्या सीटजवळ डिकी उघडायची खटकी असतेच की.’ असते, पण जो डिकीत आहे त्याचा हात तिथे पोचत नाही. हे उत्तर शोरूममध्ये हसून दिलं जातं, म्हणून जास्त चीड येते. ‘मागची सीट पाडून बाहेर येता येतं.’ अनेक सेडानमध्ये ती पडत नाही, पडते तिथे चिमुरड्याला ते जमणं कठीण, आणि अनेक टॅक्सींत तर मध्ये सीएनजीची टाकी असते. ‘आपल्याकडे हॅचबॅक जास्त.’ खरं आहे, आणि हॅचबॅकमध्ये मूल मागून पुढे सरकून येऊ शकतं. म्हणून सेडानमधल्या मुलाने मरावं का? खर्चाचं तर बोलूच नये. एक मूठ आणि एक तार. लाखांची गाडी घेताना टचस्क्रीन आणि सनरूफसाठी आपण किती मोजतो ते आठवा.

आणि सर्वांत संतापजनक आक्षेप: ‘आईबापांनी लक्ष ठेवायला नको?’ ठेवायला हवं. ठेवतातही. पण मजुरीला गेलेल्या आईने गल्लीत उभ्या असलेल्या दुसऱ्याच्या गाडीवर कसं लक्ष ठेवायचं? हा आक्षेप घेणाऱ्यांची स्वतःची मुलं बहुधा गल्लीत खेळत नाहीत.

सरकारला हे कळत नाही असंही म्हणता येत नाही. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत मागे सेन्सर सक्तीचा झाला आणि सेंट्रल लॉक बिघडलं तरी दार हाताने उघडता यावं, हीही अट आली. म्हणजे गाडीत माणूस अडकतो हे मान्य आहे. डिकीच्या मागे उभं असलेलं मूल वाचवायचं हेही मान्य आहे. त्याच डिकीच्या आतलं मूल मात्र नियमात नाही. ते नियमात आणा, एवढीच मागणी आहे, आणि ती परवडणारी आहे.

गाडी घ्यायला जाल तेव्हा विक्रेत्याला डिकी उघडायला सांगा आणि आतली मूठ दाखवायला सांगा. नसेल तर तसं लेखी मागा. आपल्या खासदाराला पत्र लिहा. दारातली गाडी रोज कुलूपबंद करा, बंद पडलेली असली तरी करा, आणि किल्ली मुलांच्या हाती लागू देऊ नका. आणि वस्तीतलं एखादं मूल दिसेनासं झालं, तर आधी जवळच्या सगळ्या गाड्यांची दारं आणि डिक्या उघडून बघा, मग बाकीचा शोध सुरू करा.